केवडा पडलेली बाल्कनी

“मोगरा उपटायचाय. दुसरा आणून देतोस काय?”

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. काकूंचा फोन. मी म्हटलं, मेला काय? “मेला नाही रे, हिरवागार आहे. पण तीन वर्षं झाली, एक कळी नाही. नुसता पाला सांभाळतोय मी.” (कोल्हापुरात बायका ‘सांभाळतोय’च म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी बुचकळ्यात पडू नये.)

हा मोगरा काकूंच्या माहेरचा, कागल तालुक्यातल्या एका परड्यातला. आठ वर्षांपूर्वी दाब कलम करून आणलेला. पहिली काही वर्षं चैत्रात ओंजळ भरायची, घरी गजरा व्हायचा आणि पहिला गजरा अंबाबाईला जायचा. मग फुलं कमी होत होत थांबली. माहेरचा मोगरा उपटायला निघाल्या म्हणजे काकू खरंच वैतागल्या होत्या.

मी लोकांच्या गच्च्या आणि बाल्कन्या लावून देतो, बिघडलेल्या दुरुस्त करून देतो. दरवर्षी जानेवारीत असे फोन येतात, आणि बहुतेकांना नवीन रोपं हवी असतात. या एका बाल्कनीबद्दल सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडच्या कुंड्यांची जवळजवळ सगळी दुखणी तिथे एकाच जागी सापडली. शिवाय माझं निदान अर्धं चुकलं होतं, आणि ते दुरुस्त केलं आयुष्यात एकही कुंडी न लावलेल्या माणसाने.

जागा, ऊन, पाणी

बाल्कनी साने गुरुजी वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. तोंड पश्चिमेला. लांबी ११ फूट, रुंदी साडेचार. त्यात २६ कुंड्या, कपड्यांचा एक स्टँड आणि एक झोपाळा. झोपाळ्यावर कोणी बसत नाही, कारण पाय टेकवायला जागा उरलेली नाही. सकाळी ऊन अजिबात नाही. दुपारी साडेबाराच्या सुमारास ते कठड्यावर येतं आणि मावळेपर्यंत तिथून हलत नाही.

दक्षिणेच्या बाजूला भिंत पुढे आलेली आहे आणि मोगरा नेमका तिच्या कोपऱ्यात. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे त्या कोपऱ्यात जेमतेम तासभर ऊन. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो सरळ पश्चिमेला मावळायला लागतो, आणि तोच कोपरा तव्यासारखा तापतो. जानेवारीतलं ऊन बघून कुंड्या मांडल्या की दोन महिन्यांनी सगळं उलटं झालेलं असतं. पश्चिमेच्या बाल्कनीत हे हटकून होतं.

पाणी दोन प्रकारचं. नळाचं पिण्याला आणि स्वयंपाकाला, बोअरचं बाकी सगळ्याला. झाडं अर्थातच ‘बाकी सगळ्यात’. कुंड्यांच्या कडांना पांढरी खपली धरली होती, नखाने खरवडली की भुगा पडत होता. ती मी पाहिली, वहीत लिहिलीसुद्धा, आणि पुढे गेलो. हे लक्षात ठेवा.

वेळेबद्दल थोडं. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण कुंडीतल्या झाडाला पाडव्यापर्यंत थांबून चालत नाही. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते असं आपण म्हणतो, आणि कोल्हापुरात ते बऱ्यापैकी खरं आहे. त्यानंतर दुपार अशी तापते की मुळं दुखावलेलं झाड सावरतच नाही. म्हणून कुंडी बदलणं, मुळं छाटणं, फांद्या छाटणं ही सगळी कापाकापी संक्रांत ते शिवरात्र एवढ्या काळात उरकायची. वसंत पंचमी आणि रथसप्तमी याच काळात येतात, काकूंना मी तारखांऐवजी हेच सण सांगितले. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालायच्या आत माती बदलून झाली पाहिजे, असं. तारीख त्या विसरल्या असत्या, रथसप्तमी विसरणं शक्य नाही.

पहिली फेरी

रविवारी गेलो. फोनवरचा ‘हिरवागार’ मोगरा जवळून पाहिला तर खालची जुनी पानं गर्द होती आणि शेंड्याची पोपटी. फांद्या लांब, वेलासारख्या कठड्यावर पडलेल्या. शेजारची जास्वंद आणखी वाईट. तिची वरची पानं जवळजवळ लिंबासारखी पिवळी, खालच्या पानांवर काळा थर.

“ही कारखान्याची काजळी,” काकू म्हणाल्या. “हंगाम चालू झाला की पडते.”

उसाच्या हंगामात काजळी पडते हे खोटं नाही, वाळत घातलेल्या धोतरांवरसुद्धा पडते. पण ती कोरडी असते, फुंकर मारली की उडते. मी अंगठा ओला करून पान पुसलं. थर निघाला, पण अंगठा चिकटला. गुळाच्या ढेपेला हात लावल्यासारखा. पान उलटं केलं. मागे शिरेच्या बगलेत पांढऱ्या कापसाचे ठिपके, आणि एका ठिपक्याशेजारी काळी मुंगी निवांत उभी. म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, गोड चिकटा सोडतो, तो चिकटा खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्यांना चिकटा हवा असतो, म्हणून त्या ढेकणांची राखण करतात, इकडून तिकडे नेतात. कठड्याच्या कडेने मुंग्यांची रांग थेट शेवंतीच्या कुंडीपर्यंत गेलेली होती. तिथली एक फांदी वाकवली तर तिच्या बेचक्यातही कापूस.

मग मोगरा कुंडीतून काढला. सहज निघाला नाही. कुंडी आडवी करून चारी बाजूंनी थोपटली, शेवटी काकांनी बुंधा धरला आणि मी कुंडी ओढली. बाहेर आला तो कुंडीच्या आकाराचा एक गोळा. माती दिसतच नव्हती, मुळांची टोपली विणलेली. खालची चार बोटं काळी आणि चिखलट, वास कुजकट. ताटलीत कायम पाणी असायचं, त्याचा परिणाम. गोळ्याच्या पोटात खुरपं घातलं तर ते शिरेना. जोर लावून एक ढेकूळ काढलं आणि काकूंच्या हातावर ठेवलं. कोरडं ठणठणीत.

“आणि मी रोज पाणी घालतो की रे!”

घालत होत्याच. ती नदीकाठची काळी माती. ती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, ताटलीत जमतं, आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. शेतात याच मातीत ऊस डुलतो, कारण तिथे मुळांना खाली आणि बाजूला पसरायला रान असतं. १२ इंची कुंडीत तीच माती दोन-तीन वर्षांत वीट होते.

काकांचा वजनकाटा बाहेर मागवला. त्या एका कुंडीचं वजन भरलं २४ किलो. अशा मोठ्या कुंड्या नऊ, बाकीच्या लहान. तिसऱ्या मजल्याच्या पुढे काढलेल्या पट्ट्यावर हे ओझं कठड्याला लागून एका ओळीत मांडलेलं. मी बांधकामातला माणूस नाही, पण एवढं वजन बाहेरच्या कडेला नको, भिंतीकडे आणि विभागून हवं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता खुराक. चहाचा चोथा रोज. तांदूळ धुतलेलं पाणी रोज. केळ्याच्या साली, अंड्याची टरफलं. महिन्याला चमचाभर १९:१९:१९, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश सारखं असलेलं रासायनिक खत. आणि माहेरहून कॅनभर जीवामृत आलं की तेही. जीवामृत शेतात उत्तम. पण शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन दिवस आंबवून केलेलं ते द्रावण बाल्कनीतून खालच्या मजल्यावर ठिबकलं, तर काय होतं ते काकूंनी अनुभवलेलं होतं. मी त्यावर जास्त बोललो नाही.

माझं निदान मी तिथेच वहीत लिहिलं: मुळं दाटलेली, माती घट्ट, नत्र जास्त, ऊन कमी, छाटणी नाही, पिठ्या ढेकूण. उपाय: माती बदल, छाटणी, खुराक बंद. शेंड्याचा पिवळेपणा? मुळं गुदमरली आहेत, मोकळी झाली की जाईल. निदान वाचायला छान दिसत होतं.

आप्पा

मोगऱ्याला आधी ताण द्यायचा होता, म्हणून त्या दिवशी तो परत कुंडीत ठेवला आणि पाणी बंद करायला सांगितलं. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात. हिवाळ्यात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळू द्यायची, मग छाटायचं आणि नंतर पाणी-खत सुरू करायचं. त्यानंतर जी फूट येते ती कळ्या घेऊन येते. मोगऱ्याचे बागायतदार हेच करतात. घरातल्या मोगऱ्याला मात्र कोणी उपाशी ठेवत नाही. काकूंना हे सगळ्यात जड गेलं. दहा दिवस त्या रोज फोटो पाठवत होत्या, खाली एकच ओळ: “आज घालू काय थोडं?”

दहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा काकूंचे थोरले भाऊ, आप्पा, आलेले होते. ऊस तुटून गेलेला, बँकेत काहीतरी काम, म्हणून कोल्हापुरात. झोपाळ्यावर पाय वर घेऊन चहा पीत बसले होते. मी जास्वंद पुढे ओढली तशी त्यांनी बशी खाली ठेवली, शेंड्याचं पान चिमटीत धरून उजेडाकडे केलं आणि म्हणाले,

“केवडा पडलाय की हिला.”

ऊस पिकवणाऱ्या घरात हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. चुनखडीच्या रानात, विशेषतः खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटलेल्या पिकात), उसाची नवी पानं केवड्यासारखी पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण माती चुन्याची, विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) असली की ते मुळांना घेता येत नाही. झाडाला एकदा पानात घातलेलं लोह दुसरीकडे हलवता येत नाही, म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि कोवळी पिवळी पडतात. नत्र कमी पडलं तर याच्या बरोबर उलटं, आधी खालची पानं पिवळी होतात.

मी ते पान परत पाहिलं. पातळ पिवळ्या पानावर हिरव्या शिरांची जाळी, नकाशावर नद्या काढाव्यात तशी. दहा दिवसांपूर्वी हेच पान मी पाहिलं होतं. कुंडीच्या कडेची पांढरी खपलीही पाहिली होती. दोन्ही वहीत वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेल्या होत्या.

स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवलं. कुंडीतल्या मातीचं ढेकूळ बशीत ठेवून त्यावर चार थेंब टाकले. फस्स करून फेस आला. आप्पा हसले. “आमच्या वरच्या पट्टीसारखीच माती केलीस की गं बाई, एवढ्याशा कुंडीत!” नंतर पीएचची (आम्ल-विम्ल मोजायची, सातच्या वर म्हणजे विम्ल) पट्टी बोअरच्या पाण्यात बुडवली तर रंग आठच्या पुढे गेला, नळाच्या पाण्यात साताच्या जरा वर थांबला. आठ वर्षं बोअरचं पाणी कुंडीत येत राहिलं, पाणी उडून गेलं, क्षार राहिले. शेतात पावसाळा ते धुऊन नेतो. वर छप्पर असलेल्या बाल्कनीत कोण धुणार? त्यात वरून अंड्याची टरफलं, म्हणजे चुन्यात आणखी चुना.

नुसती माती बदलून मी गेलो असतो, तर त्या वर्षी फरक पडला असता. पाणी तेच राहिलं असतं आणि दोन-तीन वर्षांत काकूंचा परत फोन आला असता. मी बहुधा परत मातीच बदलली असती.

कापाकापी

दोन रविवार लागले. तांबडी माती पन्हाळ्याकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून तीन पोती. ५ किलोची कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट, नळाच्या पाण्यात भिजवून दोनदा पिळून काढलेली, कारण तिच्यातही क्षार असतात आणि एक दुखणं घालवून दुसरं आणायचं नव्हतं. गांडूळखत, निंबोळी पेंड, आणि गिरणीतून भाताच्या तुसाचं एक पोतं. दोन घमेली माती, एक कोकोपीट, एक गांडूळखत, अर्धं तूस, वर मूठभर पेंड. ओलं करून मुठीत दाबलं की लाडू व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, एवढी परीक्षा पुरते. शेडनेट धरून सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला.

मोगऱ्याची पानं निम्मी गळली होती. फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटल्या, वाळक्या आणि आत वळलेल्या मुळापासून काढल्या. गोळ्याच्या तळाची कुजकी मुळं कापली, बाजूंना खुरप्याने उभ्या चिरा दिल्या, पोटातली वीट पाण्यात भिजवून जमेल तेवढी सोडवली. १४ इंची कुंडी, नवी माती. पाणी घालून काट्यावर ठेवली तर १९ किलो. कुंडी मोठी, वजन कमी. आठवडाभर सावलीत आणि मग भिंतीच्या कोपऱ्याऐवजी उत्तरेकडच्या टोकाला, कठड्यापासून हातभर आत. ताटली काढून टाकली, विटांचे दोन तुकडे खाली.

छाटलेला मोगरा बघून काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काका म्हणाले, “तिला वाटतंय तू मारलास.”

बाकीचं भरभर सांगतो. शेवंती फुलून गेलेली होती, ती चार बोटं ठेवून कापली. बुडातून फुटवे येत होते, तेच पुढच्या वर्षाचं बियाणं, त्यांना उन्हाळाभर सावलीत सांभाळायचं. गवती चहाचा गड्डा फोडून तीन केले, दोन शेजारी गेले. कढीपत्त्याचा शेंडा खुडला. गुलाबाची ऑक्टोबरात छाटणी झालेली होती, त्याला हात लावला नाही, वाळकी फुलं तेवढी काढली. लोक ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात त्या निवडुंगाला तर अजिबात नाही, त्याचा हंगाम पावसाळ्याचा. तुळशीच्या मंजिऱ्या काढायच्या होत्या, पण मी जाणार रविवारी, आणि रविवारी तुळशीला हात लावू देणार नाहीत. ते काम काकूंनी सोमवारी स्वतः केलं, माझ्यापेक्षा नीट. सात कुंड्या कमी केल्या. त्यातल्या दोनमध्ये दसऱ्याच्या झेंडूची वाळकी खोडं होती आणि एकीत काय होतं ते कोणालाच आठवेना.

पिठ्या ढेकणाला आधी पाण्याची धार, जोराची, पानांच्या मागून. बेचक्यातले कापसाच्या बोळ्याने पुसले. मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी उन्हं गेल्यावर, दर आठवड्याला एकदा, चार वेळा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. जास्वंदीच्या बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळून त्यावर व्हॅसलीन, मुंग्यांची वाट बंद करायला.

आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. आप्पांचं औषध. उसावर ०.५ टक्क्याची, म्हणजे लिटरला ५ ग्रॅमची फवारणी करतात. कुंडीतल्या कोवळ्या पानांना मी निम्मीच घेतली, त्यात लिंबाचा थोडा रस पिळला. दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. हे पाणी ताजं असताना फिकट हिरवट दिसतं. काकूंनी उरलेलं बाटलीत भरून ठेवलं, “वाया कशाला घालवायचं” म्हणून, तर सकाळी त्याचा कोऱ्या चहासारखा रंग झालेला. त्यातलं लोह गंजलं, झाडाच्या उपयोगाचं राहिलं नाही. फरशीवर पडलेल्या थेंबांचे तांबूस डाग अजून आहेत. खाली वर्तमानपत्र अंथरायचं मला सुचलं ते दुसऱ्या फवारणीला.

पाण्याची व्यवस्था काकांनी लावली. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी थेट झाडांना न जाता आता कचऱ्याच्या खताच्या डब्यात जातं. झाडांना नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या रोज वेगळ्या भरून ठेवतात. नळाला ओढ असेल त्या दिवशी बोअरचं चालतं, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीतून नळाचं पाणी भरपूर सोडून क्षार खाली धुऊन काढायचे. खालच्या मजल्याला आधी सांगून.

माझी चिपाडं

मातीवर आच्छादन हवं होतं. पश्चिमेचं ऊन कुंडीतली वरची दोन बोटं माती दोन तासांत कोरडी करतं. आप्पांनी पाचटाचं एक पोतं पाठवलं. ते सिकेटरने बोटभर तुकडे करून पसरलं, उत्तम झालं. पण ते चौदा कुंड्यांनाच पुरलं. पाच राहिल्या. घरी जाताना रसवंतीच्या बाहेर चिपाडांचा ढीग दिसला. ऊसच तो, काय फरक पडतो, असं म्हणून पिशवी भरून आणली आणि त्या पाच कुंड्यांवर पसरली. त्यात जास्वंद होती.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोटो. चिपाडं दिसतच नव्हती, नुसत्या मुंग्या. पाचट म्हणजे वाळलेली पानं, त्यात गोडी नसते. चिपाडात चरकातून सुटलेला रस असतो. एका बाजूला बुंध्याला व्हॅसलीन लावून मुंग्यांची वाट अडवली आणि दुसऱ्या बाजूला त्यांना पंगत वाढली. एक फांदी कठड्याला टेकलेली होती, तिच्यावरून त्या जास्वंदीवर चढल्या. चिपाडं त्याच दिवशी काढायला लावली, तरी पंधरा दिवसांत शेंड्यावर परत कापूस.

ही चूक नवशिक्याची आहे आणि मी नवशिका नाही. काकूंनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. आप्पांनी फोनवर दाखवलं.

शिवरात्रीनंतर

मोगऱ्याला छाटणीनंतर सोळाव्या दिवशी डोळे फुगलेले दिसले. फूट तांबूस-हिरवी, एका फांदीला चार-चार. तेव्हा कुठे गांडूळखताची एक मूठ आणि पाणी वाढवलं. नव्या पानांचा रंग बघायला मी मुद्दाम दोनदा गेलो. हिरवी होती, शिरांसकट सगळं पान हिरवं. जास्वंदीची जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी झाली नाहीत, पण नवीन आलेली बरीच बरी.

काकूंना चैत्रासाठी दवणाही हवा होता. जोतिबाच्या यात्रेला दवणा लागतो, तो घरचा असावा असा हट्ट. मी फेब्रुवारीत दोन रोपं आणून दिली आणि मार्चच्या ऊन्हात दोन्ही गेली. दवणा थंडीत वाढणारा. चैत्रात आपल्या हातात पडतो तो हिवाळाभर वाढून कापलेला असतो. दिवाळीनंतर लावायला हवा होता, एवढं सांगून मी पैसे घेतले नाहीत.

शेडनेट होळीच्या आधी बांधली, ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी), दुपारी दोन ते पाचच्या उन्हासाठी. ती चारी बाजूंनी ताणून बांधू नये. आपल्याकडे एप्रिलमध्ये वळीव येतो तो आधी वारा घेऊन येतो, आणि ताणलेली नेट शिडासारखी भरते. वरच्या बाजूला पक्के हूक, खाली दोन सैल गाठी, आभाळ भरून आलं की ओढून सोडता येतील अशा. काकूंनी तिथे साडीच्या जुन्या फॉलची नाडी लावली.

पाडव्याच्या आठ दिवस आधी फोटो आला, या वेळी खाली ओळ नव्हती. शेंड्यावर पानांच्या बेचक्यात मोहरीएवढ्या तीन कळ्या. पाडव्याला उमललेली फुलं चौदा. गजरा होण्याइतकी नव्हती, म्हणून काकूंनी ती केळीच्या पानाच्या द्रोणात घालून देवीला नेली. परतीच्या वाटेवर महाद्वार रोडवरून मला फोन केला आणि मोगऱ्याबद्दल काही न बोलता विचारलं, की त्यांच्या मैत्रिणीच्या अनंताची पानं पिवळी पडलीत, शिरा हिरव्या आहेत, तर केवडा असेल काय?

पहिला वळीव एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. गारांसकट. नाडी ओढायला घरात कोणी नव्हतं. नेट एका कोपऱ्यात फाटली, कढीपत्त्याची कुंडी आडवी झाली, मोगऱ्याच्या कळ्या झडल्या. त्यानंतर आठवड्याने परत नव्या आल्या, कारण पावसाच्या त्या पाण्याने कुंड्या धुऊन निघाल्या होत्या असं आप्पांचं म्हणणं. असेलही.

जास्वंदीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पिठ्या ढेकूण जातो आणि येतो. मी म्हटलं काढून टाकू, पावसाळ्यात नवी लावू. काकू म्हणाल्या, मोगरा काढायला निघालो होतो तेव्हा तूच नको म्हणालास. मग बुंध्याची पट्टी बदलली, कठड्याला टेकणारी फांदी कापली. निघताना बघतो तर काका कुंड्या एकेक कलती करून हातानेच वजन घेत होते, हलकी लागेल तिलाच पाणी. वजनकाटा त्यांनी स्वतःसाठी परत आत नेला होता.